शेवाळी हॉल

अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घराचा हॉल धाकट्या भावाने मे महिन्यात रंगवून घेतला. रंग गडद शेवाळी. भिंती, दारं, चौकटी, सगळं त्याच एका रंगात. सध्या असंच चालतं, असं त्याला रंगाच्या दुकानात सांगितलं होतं. हॉलला खिडकी एक. तिच्यात उन्हाळाभर कूलर, आणि फटींत पुठ्ठे कोंबलेले. म्हणजे रंग निवडला तोही भर दुपारी ट्यूबलाइट लावून. उन्हाळ्यात अंधारी खोली थंड वाटते, तेव्हा गडद भिंतही थंड वाटेल, हा त्याचा हिशेब.

‘पाह्य ताई, हाटेलावानी दिसून राहिला ना?’ फोटोखाली त्याने लिहिलं होतं. मी अमरावतीत ऑफिसात होते. ‘मस्त’ असं उत्तर पाठवून कामाला लागले.

आईला कोणीच विचारलं नव्हतं. ती त्याच घरात राहते, तिची खाट हॉलमध्येच. तिवशाच्या शाळेत तिने नोकरीभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. काचबिंदूने एक डोळा गेला आहे, दुसऱ्याला फक्त उजेड-अंधाराचा फरक कळतो. पांढऱ्या भिंतीत दाराची तपकिरी चौकट तिला दिसायची. तेवढ्या खुणेवर ती कोणाला हाक न मारता बाथरूमला जाऊन यायची. आता भिंत आणि दार एक झालं होतं.

जूनमध्ये गेले तेव्हा तिच्या कपाळावर टेंगूळ होतं.

‘दार कुठं नेऊन ठेवलं वं यायनं?’ तिने विचारलं.

दुपारनंतर ती पाणी पीत नव्हती. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘दरवेळी कोणाले उठवू?’

मी खडूची पेटी आणली. तिने स्वतःच भिंतीला हात लावत, कमरेच्या उंचीवर, खाटेपासून बाथरूमपर्यंत जाड पांढरी रेघ ओढली, चौकटीभोवतीही. संध्याकाळी दोनदा एकटी जाऊन आली. मी अमरावतीला परतले.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. रेघ पुसली होती. मी भावाला फोन केला.

‘पाहुणे येऊन राहिले होते, ताई. घर हाय का शाळा?’

‘तिने जायचं कसं?’

‘हाक मारन ना. आमी काय मेलो काय?’

मी फोन ठेवला. त्याचा राग आलाच होता. पण त्या ‘मस्त’ शब्दाचा जास्त आला. तो अजूनही माझ्या फोनमध्ये आहे, त्याच्या फोटोखाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने अकोल्याला गेले. पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणि दोन इंची ब्रश घेतला. फरशीवर जुने पेपर अंथरले आणि कामाला लागले. आधी चौकट, मग चार बोटं रुंद पट्टा. भाऊ मागे उभा होता.

‘सगळा लूक गेला, ताई.’

‘गेला.’

‘मले एकदा विचारायचं तरी.’

‘तू आईला विचारलं होतंस?’

तो आत निघून गेला. जेवायलाही माझ्यासोबत बसला नाही.

रंग वाळल्यावर आई उठली, पट्ट्याला बोटं लावत गेली आणि आली.

‘रेघ वाकडी मारली वं तू,’ ती म्हणाली. मग खाटेवर बसून तिने पाणी मागितलं. पेलाभर नाही, तांब्याभर.