नंदूदादाची उजवी बाजू

आमच्या नंदूदादाला ‘माहीत नाही’ असं म्हणताच येत नसे. जीभच वळायची नाही. तो माझा मावसभाऊ. मुलुंडला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, तो खालच्या मजल्यावर, आम्ही वर. माझ्या बाबांचा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरच्या आधी हा हजर. “काका, चप्पल बदला. गुडघ्याला काही झालेलं नसतं, सगळं चपलेत असतं.” बाबांनी बिचाऱ्यांनी चप्पल बदलली आणि नव्या चपलेत लंगडू लागले.

नोकरी विमा कंपनीत, पण गाड्यांवर असा बोलायचा की जणू चाकाचा शोध यानेच लावला. एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं, आपली गाडी फार उंच आहे. “गाडी कशी रस्त्याला चिकटून पळायला हवी.” आमच्या भागात चिकटण्याजोगा रस्ता कुठे उरलाय, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. कंपनीच्या स्प्रिंगा काढून त्याने अंधेरीच्या एका गॅरेजात आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. दिवसभर मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहून सूचना देत होता म्हणे. गाडी घरी आली ती वाकडी. पुढून पाहिलं तर डावा खांदा पाडून उभी.

“बसेल,” तो म्हणाला. “नव्या स्प्रिंगांना बसायला वेळ लागतो.” गाडी बसली, पण तशीच तिरकी. मग पार्किंगच्या लादीला उतार आहे असं ठरलं. गाडी मैदानात नेली, तिथेही तिरकी. मग मैदानालाच उतार. बिल्डिंगमधले लोक येता-जाता मान कलती करून गाडी बघायचे, आणि तो त्यांना समजावत बसायचा.

उतार संपले तेव्हा त्याची नजर वहिनीवर गेली.

“तू रोज डाव्या बाजूला बसतेस ना,” भर पार्किंगमध्ये, चार शेजाऱ्यांसमोर हा शहाणा म्हणाला, “त्याने स्प्रिंग दबली.”

वहिनी अंगाने भरलेली होती आणि त्यावरून तिने सासरी पुष्कळ ऐकलेलं होतं. ती दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला रिक्षाने जाऊ लागली. हा गाडी घेऊन शेजारून जायचा, हॉर्न वाजवायचा. ती रिक्षात सरळ समोर बघत बसायची. घरात जेवणाच्या ताटावरही शब्द नाही. मी त्याला म्हटलं, “दादा, माफी माग रे.” तर म्हणे, “वजनाची माफी मागतात का? हे शास्त्र आहे.”

त्या शास्त्राचा निकाल वहिनीनेच लावला. एका रविवारी ती शिवणाची टेप घेऊन खाली उतरली. आमच्या शेजाऱ्यांची अगदी तशीच गाडी होती, कंपनीतून आली तशी. तिने आधी त्या गाडीची चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची मोजली, मग आपल्या गाडीची, दोन्ही बाजूंनी. नंदूदादा कमरेवर हात ठेवून हसत होता.

“स्प्रिंगांच्या खोक्यावर लिहिलंय तितकीच डावी बाजू खाली आलीये,” ती म्हणाली. “माझी बाजू बरोबर आहे. तुझी उतरलीच नाहीये नीट.”

तो हसायचा थांबला. जॅक लावून दुपारभर गाडीखाली खुडबुडला. स्प्रिंगच्या डोक्याशी रबराची एक चकती असते. उजवीकडे जुनी तिथेच चिकटून राहिली होती आणि तिच्याखाली नवी बसवलेली. दोन चकत्या, म्हणून साहेबांची बाजू वर. मेकॅनिक वर बघायला गेला तेव्हा “वरचं मी बघितलंय, तू खालचं बघ” असं यानेच त्याला दरडावलं होतं. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, तेसुद्धा मेकॅनिकच्या चुकीचा पुरावा म्हणून!

चकती काढली, गाडी सरळ झाली. संध्याकाळी तो काळ्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. “बस आता गाडीत,” म्हणाला. त्याला येत होती तेवढी माफी एवढीच.

“बसेन,” वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, “पण स्टिअरिंगवर.”

ती गाडी शिकली. वर्गाच्या पहिल्या दिवसापासून हा तिला ब्रेकविषयी व्याख्यान देत होता, आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता शिकली.

गेल्या वर्षी त्याची नाशिकला बदली झाली. निघताना सामान टेम्पोत गेलं, आणि गाडी वहिनीने काढली. गेटजवळच्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासू नये म्हणून नंदूदादा खाली उतरला आणि उलटा चालत, दोन्ही हातांनी “थोडं डावीकडे, अजून, अजून” असं करू लागला. वहिनीने गाडी हवी तशी तिरकी घेतली आणि कुठेही न घासता बाहेर काढली. तो हात तसेच वर धरून रस्त्यावर उभा राहिला, आणि मग, पोट सावरत, गाडीमागे धावत सुटला. मी गॅलरीतून बघत होते. वहिनीने गाडी थांबवली, पण नाक्यापर्यंत त्याला धावू दिल्यावर.