ताईने पुढे ठेवलेलं घड्याळ

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करत आले. स्वतःचं दुकान, हाताखाली चार कारागीर. सगळ्यांना पहिला धडा एकच: काहीही उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. जो विसरेल त्याला असं फैलावर घ्यायचे की जन्मात पुन्हा विसरायचा नाही. आणि ह्याच माणसाने गेल्या रविवारी ती वायर काढली नाही. विसरून नव्हे, जाणूनबुजून.

ताईला जाऊन सव्वा वर्ष झालं. दुकान त्यांनी त्याच महिन्यात बंद केलं. रविवारी दुपारी मी डबा घेऊन जाते. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा. बाहेरच्या खोलीतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर वर्तमानपत्रांचा ढीग. मी बोलते, ते हं म्हणतात. घरी परतल्यावर मला तरी हं म्हणायला कोण आहे? म्हणून जाते झालं.

त्या दिवशी मात्र ते खाली गाडीपाशी सापडले. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणारा तो जड गोळा, महिन्यापूर्वीच गेला होता. नवा आणून ठेवला, पण खोकं उघडायचं नाव नाही. रोज खिडकीतून लांब वायर सोडून चार्जरवर बॅटरी जगवायची आणि गाडी जागच्या जागी उभी. "अहो, तुमच्या डाव्या हातचा मळ हा, लावत का नाही?" असं मी चार रविवार विचारलं. चारही वेळा मूग गिळून गप्प. आता चार्जरनेही मान टाकली होती.

"निगेटिव्ह काढली?" मी विचारलं. इतकी वर्षं ऐकून मलाही पाठ झालंय.

"काढली तर घड्याळ जाईल," ते म्हणाले.

गाडीतलं घड्याळ ताई पुढे ठेवायची. भाऊजी कुठे वेळेवर पोचतील तर शपथ. वाटेत कोणाच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं की तासाची निश्चिंती, आणि ताई बिचारी ऑफिसच्या फाटकाशी ताटकळत. म्हणून तिने घड्याळ पुढे केलं. किती, ते सांगितलं नाही. भाऊजींना अंदाज यायला लागला की गुपचूप बदलायची. कधी पाच मिनिटं, कधी बारा. शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. ती गेल्यापासून भाऊजी गाडीत बसताना मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. का, ते मला त्या दिवशी कळलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "किती फरक आहे तो बघा, लिहून ठेवा, नंतर तेवढंच पुढे लावा."

"मग लावलं कोणी? मीच ना? आणि किती पुढे तेही मला माहीत. ते तिचं घड्याळ राहिलं का?"

मला त्यांचा राग आला, आणि ताईची इतकी आठवण आली की मी मुकाट्याने टॉर्च धरून उभी राहिले.

पान्याला चिकटपट्टी गुंडाळून ते चालू वायरवर काम करायला लागले. पट्टा उतरवला. मागच्या जाड वायरचा नट सैल करताना पाना निसटून इंजिनाला टेकला. ठिणग्या उडाल्या, बोट पोळलं, मोठा फ्यूज गेला. मी गाडीत वाकून पाहिलं, घड्याळ काळं पडलं होतं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

ते पायरीवर बसले. बोटावर फुंकरही घालेनात.

"घरात तिचं चालू असलेलं तेवढंच होतं गं," म्हणाले.

मग उठले आणि निगेटिव्ह वायर काढली. आता कसली भीती? जुना अल्टरनेटर बाहेर, नवा आत, पट्टा ताणून बसवला, फ्यूज बदलला, वायर परत जोडली. पाऊण तासात काम फत्ते. किल्ली फिरवली तर इंजिन सुरू, बॅटरीचा लाल दिवा बंद. घड्याळात मात्र नव्याने एक वाजून शून्य मिनिटं लुकलुकत होती.

ते गाडीतून उतरले. खिशातलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"धाकटे, गाडीतलं तू लाव. पुढे लाव. किती ते मला सांगू नकोस. आणि हे तुझ्याकडेच राहू दे."

असं म्हणून शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी ताईच्या सीटवर बसून ती दोन बारीक बटणं दाबली. तिला ही लबाडी करताना मजा येत असणार. मला रडू आलं.

भाऊजी येऊन शेजारी बसले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अरे, उशीर झाला की," म्हणाले, आणि घाईघाईने सीटबेल्ट लावला.

जायचं कुठेच नव्हतं.