कुरुंद्याच्या मावशीचा उलटा दिवस

आम्ही दोघी बहिणी नांदेडला एकाच घरात राहतो. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या धाकट्या सुनंदाने फेब्रुवारीत जाहीर केले, की ती कुरुंद्याला मावशीकडे कायमची राहायला जाणार आहे. साधनेसाठी, आणि तशी अंतरात्म्याचीच आज्ञा आहे. मला ते नको होते. पण आज्ञा आणि आवड यांतला फरक ओळखतात कसा, हे कुतूहल त्याहून मोठे होते, म्हणून मीही निघाले.

नांदेडहून वसमतपर्यंत एसटी सोयीची. महिलांना अर्धे तिकीट. वसमतहून कुरुंद्याला शेअर रिक्षा मिळते, मात्र ती भरेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. हळदीचा हंगाम असल्याने गावात शिरताच उकडलेल्या हळदीचा उग्र, मातकट वास येतो. मावशीच्या अंगणात हळकुंडे वाळत होती. पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा झाल्यावर सुनंदाने आपली आज्ञा सांगितली.

मावशीने ती नाकारली नाही, मान्यही केली नाही. तिच्या घरची एक रीत आहे. ‘आतल्या’ने सांगितले असे जो म्हणतो, त्याने आधी एक दिवस उलटी आज्ञा झाली असे समजून जगायचे. यामागचे तर्कशास्त्र मला फार आवडले: व्यक्तिगत इच्छेला नकार दिला, की ती रुसते. उच्च आत्म्याची प्रेरणा रुसत नाही, कारण तिला स्वतःसाठी काही नको असते. तेव्हा दिवेलागणीला आपल्यात काय उरले आहे, तेवढे पाहायचे.

सुनंदा ताडकन म्हणाली, “मी काय लहान लेकरू आहे का, परीक्षा द्यायला?”

“देवानं सांगितलं म्हन्तीस,” मावशी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “मंग एका दिसाची तकलीफ काहून?”

दुसऱ्या दिवशी सुनंदा पाहुणी झाली, उद्या नांदेडला परतणारी. हळदीला हात लावायची मनाई, म्हणून आम्ही जीप ठरवून औंढ्याला गेलो. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून, जवळजवळ बसूनच उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि सोमवार टाळावा. उतरताना सुनंदा पुढे होती. “ताई, ढकलू नको,” ती फणकारली. मी हातही लावला नव्हता.

तिथून सिद्धेश्वर धरण जवळ आहे. पाण्याकाठी आम्ही बसलो. एक मच्छीमार जाळे झटकत होता. त्याने विचारले, पाहुणे कुठले? मी मनात म्हटले, आता ही चिडणार. पण ती सहज म्हणाली, “नांदेडचे,” आणि मासे कोणते मिळतात ते विचारू लागली. परतीच्या वाटेवर तिने नांदेडच्या गच्चीतल्या तुळशीला पाणी कोण घालत असेल याची चौकशी केली. मी मनोमन जिंकले होते.

संध्याकाळी मावशीने विचारले, काय उरलं?

“काही नाही,” सुनंदा म्हणाली. “नांदेडला जायचं झालं तरी चालेल. इथं राहायचं झालं तरी.”

“मंग राह्य.”

मी चकित झाले. म्हटले, मावशी, ती तर परत यायला तयार आहे!

“व्हय. म्हनूनच राह्य म्हन्ले. हट्टानं आली असती तर दोन महिन्यांत माझंच डोकं खाल्लं असतं.” मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “आन् तुझा उलटा दिवस कवा?”

तो मी एकटीच नांदेडला परत आल्यावर केला. सुनंदाला मीच आनंदाने पाठवते आहे, असे समजून दिवसभर तिच्या साड्यांच्या घड्या केल्या, गोधडी उन्हात घातली, जपमाळ पिशवीत ठेवली. हे सामान न्यायला कुरुंद्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोनही केला. प्रयोग काटेकोर झाला, त्यात शंका नाही. दिवेलागणीला आत डोकावले, तर रुसवा जसाच्या तसा बसलेला होता.

सामान मात्र सकाळी गेले.