हळदीचा दोरा
ओल्या हळदीचा वास आला की मला लातूरची एमआरआयची खोली आठवते. धाकट्या जावेचे पाय लटपटायला लागले, हातातून ताटं निसटायला लागली, म्हणून आम्ही तिला रेणापूरहून तिथं नेलं होतं. मशीनवाल्यानं अंगावरचं सोनं-चांदी काढायला सांगितलं. तिनं मंगळसूत्र काढताच सासूनं पिशवीतून हळदीत भिजवलेला, हळकुंड बांधलेला दोरा काढला आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात बांधला. "मोकळ्या गळ्यानं जाऊ नगं, माय." माझ्या सिझरच्या वेळी नर्सनं माझं मंगळसूत्र काढलं, तेव्हा हीच बाई बाहेर निवांत चहा पीत होती. आजारी बाईचा कुणी हेवा करतंय का? मी केला. मग डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूतले रंगीत धागे दाखवले. "मेंदूतलं पाणी या धाग्यांच्या वाटेनं सरकतं, ते मशीनला दिसतं. यांच्या धाग्यांवरचं आवरण झिजलंय, म्हणून पाणी वाट सोडून पसरतंय." "म्हंजी पाट फुटलाय," सासू म्हणाली आणि तिची पाठ कुरवाळत राहिली. पिशव्या धरून मी उभीच. इतक्या वर्षांनी, परवा कंबरेसाठी मलाच त्या मशीनमध्ये जायचं होतं. सासू आता नाही. जाऊ काठी टेकत आली, तसाच दोरा घेऊन. "अक्का, मान वाकवा." तिच्या बोटांना गाठ जमेना. मी मान वाकवून उभी राहिले. शेवटी गाठ बसली, पण सैल. सासूनं तिची चांगली घट्ट मारली होती, हे तेवढ्यातही माझ्या मनात आलंच.