नालीच्या तोंडावरची फरशी

चहाचा शेवटचा घोट ते कधीच पीत नसत. कप संपत आला की उकिडवे बसायचे, उरलेला चहा जमिनीवर ओतायचे आणि मान वाकडी करून तो ओघळ कुठे जातो ते बघत राहायचे. अंगण माझं असायचं, तेही नुकतंच सारवलेलं. मी चिडले की म्हणायचे, "पाणी काई आपलं ऐकत नाई, बाई. आपल्यालेच त्याचं ऐकावं लागते."

ते आमच्या ग्रामपंचायतीचे नालीवाले. गोरेगावच्या पलीकडे धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं आमचं गाव. वर तलाव, खाली नाला आणि मधल्या उतारावर आम्ही सगळे. पावसाचं पाणी कुणाच्या घरात न शिरता नाल्यापर्यंत पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. हातात लांब बांबू, खांद्यावर फावडं. तुमच्याही गावात असं कुणी असेल बघा, पाऊस लागला की आठवणारं आणि उघडला की विसरलं जाणारं.

नालीवर पक्कं बांधकाम करायचं नाही, झाकण उचलता आलं पाहिजे, असा पंचायतीचा ठराव होता. आणि नालीवर ओटा नाही असं घर गावात शोधून सापडलं नसतं. उन्हाळा सरता सरता ते घरोघर नोटिसा वाटायचे, सह्या घ्यायचे. मग त्याच ओट्यांसमोर पालथे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून गाळ काढायचे.

"नोटीस दिली ना? मग तू कायले काढून राहिला?" मी एकदा विचारलं.

"नोटीस मालकाले आहे, बाई. गाळाले वाचता येत नाई."

हो, मी त्यांना 'तू' म्हणायची. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मी मेंबर होते. नवं शतक लागायच्या सुमारास आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली. आमच्या ह्यांना उभं राहता येईना, म्हणून मी राहिले आणि निवडून आले. पहिल्या सभेला मी नंबर नसलेला चष्मा लावून गेले होते. चष्म्यामुळे माणूस हुशार दिसतो, असं तेव्हा माझं मत होतं.

तर त्या हुशार बाईने आपल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता आणला. रस्ता झाला म्हणजे उद्घाटनाची फरशी आली. फरशी बसवायला विटांचा चबुतरा आला. तो बांधायची जागा मी स्वतः चालत जाऊन ठरवली. गल्लीचा कोपरा, जिथून मोटारसायकलवाल्यांनाही माझं नाव वाचता येईल.

ते बांबू टेकून उभे होते. म्हणाले, "बाई, येथंच नालीचं तोंड आहे. अख्ख्या गल्लीचं पाणी येथून पायपात जाते. फरशी दोन हात तिकडं घ्या."

"तिकडून मेन रोडवरून दिसंल काय?"

"दिसन नाई. पण पाणी जाईन."

"मग तू नाली सरकव."

खरंच म्हणाले मी असं. शेजारचे हसले, मीही हसले. ते हसले नाहीत. त्यांनी बांबूने नालीचं तोंड एकदा चाचपलं आणि निघून गेले.

पुढारी आले, फीत कापली, हार झाले. फरशीवर सगळ्यात वर साहेबांचं नाव, ठळक. माझं चौथ्या ओळीत. नालीच्या तोंडाला मूठभर भोक उरलं होतं.

त्या पावसाळ्यात गल्लीचं पाणी चबुतऱ्यावर आपटलं आणि वळून खालच्या टोल्यात, उताराखालच्या वस्तीत शिरलं. टोल्यातलं पहिलं घर त्यांचं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. सकाळी मी गेले तर ते स्वतःच्या अंगणात गुडघाभर पाण्यात उभे. बायको धानाची पोती खाटेवर चढवत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

ते एवढंच बोलले, "मातीच्या भिंतीले एखादं वर्ष चालते, बाई. दरसाल नाई चालत."

तिथून मी सरळ सरपंचांकडे गेले. म्हटलं, फरशी हलवा. सरपंच सुपारी कातरत होते.

"मेंबरीनबाई, वरचं नाव पायलं काय? साहेबाच्या नावावर सब्बल कोन चालवन? तुमी?"

विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेतून त्याच्या पुढच्या सभेवर. तालुक्याहून इंजिनियर आले, त्यांनी टेप लावून माप घेतलं, चहा घेतला आणि सांगितलं, नवीन काम इतक्यात फोडता येत नाही. माझी मुदत संपली. चष्मा नातीच्या खेळण्यात गेला. पाणी मात्र दरसाल नालीवाल्यांच्याच घरात जात राहिलं. ते मुठीएवढ्या भोकात बांबू घालून जमेल तेवढं काढत राहिले.

एका पोळ्यानंतर माझ्याने राहवलं नाही. भर दुपारी घरातली सब्बल, ती लोखंडी पहार उचलली आणि कोपऱ्यावर गेले. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला. दोनच घाव घातले. साहेबांच्या नावापर्यंत माझा हात पोचेना, तिसऱ्याआधीच दम लागला. माणसं जमली. गर्दीतून ते पुढे आले आणि माझ्या हातातली सब्बल हळूच काढून घेतली.

"राहू द्या, बाई. तुमचंच नाव फुटून राहिलं."

मागून आमचे हे आले आणि मला घरी घेऊन गेले. गाव आठवडाभर हसलं. हसण्यासारखंच होतं ते.

पुढल्या पावसाळ्यात त्यांच्या घराची मागची भिंत बसली, मग समोरची. माणसं वाचली. नोकरी सोडून ते बायकोला घेऊन सडक अर्जुनीला लेकीकडे गेले. त्या मोकळ्या जागेतून पाण्याला नाल्यापर्यंत सरळ वाट मिळाली. ग्रामसभेत नव्या सरपंचांनी सांगितलं, गावात आता पाणी थांबत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पदराखाली धरून बसले होते.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले, सडक अर्जुनीच्या बसथांब्यावर. पाठ वाकली होती. मी म्हटलं, "कसे आहात तुम्ही?" त्या 'तुम्ही'ने ते जरा बावरले.

"बरा आहो. गावात पाणी निघते ना आता?"

"निघते."

"कोठून?"

मला खोटं सांगता आलं असतं. "तुमच्या घरातून," मी म्हणाले.

समोरून ट्रक जात होते. माझी बस लागली, तेव्हा माझी पिशवी त्यांनी वर दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "उतार बराबर आहे तेथं. लहानपनापासून पाहून राहिलो मी."