लाकडी कोर्टाखालची ओल

एका चांगल्या कारागिराचं नाव मी खराब केलं, तेही स्वतःची चूक झाकण्यासाठी.

नाशिकला उभ्या राहत असलेल्या एका इनडोअर स्टेडियमवर मी साइट इंजिनिअर आहे. छप्पर चढलं होतं, दिव्यांचं काम संपत आलं होतं. बॅडमिंटन कोर्टांची लाकडी फरशी तेवढी राहिली होती. ते काम नांदगावकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे होतं. सुरुवात करण्याआधी त्यांनी काँक्रीटवर तीन-चार ठिकाणी प्लास्टिकचे तुकडे पसरले आणि कडा टेपने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावून एक तुकडा उचलला. आतून थेंब जमले होते.

"साहेब, खाली अजून ओल हाय. महिनाभर तरी थांबा."

"शुक्रवारी पाहणी आहे, मिस्त्री. एक तरी कोर्ट दिसायला हवं."

"दिसंल की. पण पुढं वाळत घातलेल्या पापडावानी कडा उचलल्या, तर मला इचारू नका."

मी हसलो आणि म्हणालो, "लावा तुम्ही."

पाहणी छान झाली. नव्या कोर्टावर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. अहवालात मी 'फरशीचे काम समाधानकारक' असं लिहिलं.

तीन आठवड्यांत पट्ट्यांच्या कडा उचलल्या, चालताना पायाला लागू लागल्या. वरिष्ठ आले. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी मला कारण विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "लाकडाला फुगायला भिंतीलगत फट सोडलेली नाही. मिस्त्रींची चूक आहे."

फट सोडलेली होती. मी स्वतः मोजपट्टी लावून मोजली होती.

हत्यारं पिशवीत भरून मिस्त्री दुपारीच गावी निघून गेले. शहरातल्या आणखी एका ठरलेल्या कामावरून त्यांना नको म्हटल्याचं पुढे कानावर आलं. तरी मी गप्पच होतो.

ती फरशी उखडली. काँक्रीट वाळायला दोन महिने गेले, आणि ते पुरतं वाळलं की नाही हे बघायला मी मिस्त्रींसारखंच प्लास्टिक चिकटवलं. ते चिकटवताना माझीच मला लाज वाटली. त्याच दिवशी वरिष्ठांना खरं काय ते लिहून दिलं. मग मिस्त्रींना फोन लावला. मी दोन वाक्यंही बोललो नसेन, तोच त्यांनी मला थांबवलं.

"बदनामी चारचौघांत, आन माफी फोनवर व्हय, साहेब?"

मी त्यांना साइटवर बोलावलं. सोमवारी ते आले, पण गेटच्या आत येईनात. मीच त्यांना हात धरून आत आणलं. सकाळच्या हजेरीला सुतार, वेल्डर, रंगारी सगळे जमले होते. वरिष्ठही होते.

"खाली ओल आहे हे यांनी मला दाखवलं होतं. तरी फरशी लावायला मी सांगितलं. फट यांनी बरोबर सोडली होती, मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. मिस्त्री, तुमच्या कामाला मी नावं ठेवली. मला माफ करा."