चिलटांची केळी

आगाशीच्या बाजारात ती निर्मळ गावची केळी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दर सोमवारी मी तिच्याकडची काळी पडलेली केळी घ्यायचो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाळलेल्या चिलटांसाठी. इतरांसमोर ती पदराने चिलटं हाकलायची. मला पाहिलं की पदर खोचून म्हणायची, “न्या सर, खाणाऱ्यांसकट न्या!”

एकदा मी फुशारकीने सांगितलं, “चिलटांना निम्मंच खायला दिलं तर ती जास्त जगतात. त्यातही माद्या अधिक.”

केळी निवडणारा तिचा हात थांबला.

“माझी आई सगळ्यांच्या मागून जेवायची. उरलं तर. चाळिशीतच गेली. बाप ताट भरून जेवला, नव्वदीपर्यंत जगला.”

“अहो, हे माणसांचं नाही, चिलटांचं आहे!” माझा आवाज चढला. इतकी वर्षं शिकवतोय मी हे.

“मग भर बाजारात कशाला सांगता? पुरुषमाणसांना तेवढंच हवंय!”

मी पिशवी पुढे केली. तिने पिशवीत दोन केळी जास्तीची कोंबली.

“ही माद्यांची,” ती म्हणाली. “आधी त्यांना वाढा.”